पीसीचा खेळ, कन्सोलचं घर

जपानमध्ये 16 मे 2002 रोजी ‘फायनल फँटसी इलेव्हन’ दुकानात आला, पण नुसता खेळ विकत घेऊन भागणार नव्हतं. घरी प्लेस्टेशन टू असलं, तरी त्याच्या मागच्या खाचेत बसणारी हार्ड डिस्क आणि ब्रॉडबँडची वायर जोडायचं अडॅप्टर वेगळं घ्यावं लागे. शिवाय ‘प्लेऑनलाइन’ नावाच्या सेवेत नाव नोंदवून दर महिन्याला 1280 येन मोजायचे. गप्पा मारायच्या तर यूएसबी कीबोर्डही हवा. चकती घातली, बटण दाबलं आणि खेळ सुरू झाला, ही कन्सोलची सगळ्यात मोठी सोय. स्क्वेअर कंपनीने तीच मोडीत काढली होती, आणि तीही जपानमधल्या सर्वांत लाडक्या मालिकेसाठी.

एवढा खटाटोप करायचं कारण पीसीवर घडत होतं. 1997 मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणि मार्च 1999 मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला. हजारो माणसं एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरतात, एकमेकांना मदत करतात, भांडतात आणि त्यासाठी महिन्याच्या महिन्याला पैसे भरतात, हे या खेळांनी दाखवून दिलं. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची तेव्हा कंपनीच्या हवाईतल्या स्टुडिओच्या कामात होते. तिथे त्यांनी ‘एव्हरक्वेस्ट’ पाहिला आणि आपल्या मालिकेचा पुढचा भाग ऑनलाइन करायचं ठरवलं. जानेवारी 2000 मध्ये योकोहामात झालेल्या कार्यक्रमात स्क्वेअरने नववा, दहावा आणि अकरावा असे तीन भाग एकदम जाहीर केले. पण कंपनीचा जपानी ग्राहक खेळायचा तो दिवाणखान्यातल्या टीव्हीसमोर, हातात कंट्रोलर घेऊन. म्हणून पीसीवर जन्मलेल्या प्रकाराला कन्सोलच्या घरी न्यावं लागलं.

या दोन घरांत फरक मोठा होता. पीसी ही मालकीची जागा. भिंत पाडा, खिडकी काढा, रॅम वाढवा, कोणी विचारत नाही. खेळ बनवणारी कंपनीही मध्यरात्री पॅच सोडून सकाळपर्यंत चूक दुरुस्त करू शकते. कन्सोलवर तीच कंपनी भाडेकरू असते. चकती छापण्यापासून दुरुस्तीपर्यंत प्रत्येक गोष्ट सोनी, मायक्रोसॉफ्ट किंवा निन्टेन्डो या घरमालकाच्या तपासणीतून जाते. जागाही मोजकी. प्लेस्टेशन टूची मुख्य मेमरी 32 एमबी, चित्रांसाठीची वेगळी 4 एमबी, आणि यंत्र बाजारात असेपर्यंत त्यात एका एमबीचीही भर पडत नाही. पुढची पंचवीस वर्षं या क्षेत्रातले लोक दोन आघाड्यांवर झगडले: यंत्राच्या मर्यादेशी आणि घरमालकाच्या नियमांशी. पहिली आघाडी आपोआप सोपी होत गेली. दुसरीने जास्त घाम काढला.

पहिला जुगार सेगाचा. नोव्हेंबर 1998 मध्ये जपानमध्ये आलेल्या ड्रीमकास्टमध्ये मोडेम आतच बसवलेला होता. हा खर्चिक आग्रह सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांचा. पुढे कंपनी गाळात चालली तेव्हा याच गृहस्थांनी मृत्यूपूर्वी स्वतःचे सुमारे 85 अब्ज येनचे शेअर सेगाला देऊन टाकले. ड्रीमकास्टवर डिसेंबर 2000 मध्ये आलेल्या ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ने पीसीवरच्या ‘डायब्लो’चा साचा घेतला आणि चार खेळाडूंना फोनच्या वायरीवरून एकत्र आणलं. कीबोर्ड नसलेला खेळाडू बोलणार कसा, या प्रश्नावर त्यांचं उत्तर झकास होतं. यादीतून तयार वाक्य निवडायचं. जपानी मुलाने निवडलेलं वाक्य जर्मन मुलाच्या पडद्यावर जर्मनमध्ये उमटे. पण एक गोष्ट त्यांना नडली. खेळाडूच्या पात्राची माहिती त्याच्याच मेमरी कार्डावर साठत होती. घरच्या कार्डावरचे आकडे बदलणं फार अवघड नसतं. बघता बघता दुर्मिळ तलवारींच्या नकला निघाल्या आणि फसवणूक बोकाळली.

त्याच वर्षी ‘क्वेक थ्री अरीना’ ड्रीमकास्टवर आला. हा पीसीवरचा अत्यंत वेगवान बंदुकींचा खेळ, आणि योग्य नकाशे घेतलेले पीसीवाले ड्रीमकास्टवाल्यांशी खेळू शकत. 56 के मोडेमवर एका सामन्यात चारच खेळाडू मावत. त्याहून मोठा घोळ हाताचा होता. माउस मनगटाच्या एका झटक्यात मागे वळतो, कंट्रोलरची काडी अंगठ्याने ढकलत न्यावी लागते. पीसीवाल्यांनी कन्सोलवाल्यांना अक्षरशः धुतलं. ड्रीमकास्टला कीबोर्ड आणि माउस लावता येत असे, पण ते विकत घ्यायला सोफ्यावर बसलेला खेळाडू तयार हवा ना! 31 जानेवारी 2001 रोजी सेगाने ड्रीमकास्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. जवळपास तयार झालेली ‘हाफ-लाइफ’ची ड्रीमकास्ट आवृत्ती त्याच वर्षी गुंडाळली गेली.

स्क्वेअरने या अनुभवाच्या उलट रचना केली. ‘फायनल फँटसी इलेव्हन’मध्ये पात्र राहतं कंपनीच्या सर्व्हरवर, घरातल्या डब्यात फक्त चित्रं आणि आवाज. नोव्हेंबर 2002 मध्ये पीसी आवृत्ती आली तेव्हा तिचे खेळाडू प्लेस्टेशनवाल्यांच्याच जगात उतरले. पुढे अमेरिकाही त्याच सर्व्हरवर आली. टोकियोतला विद्यार्थी आणि टेक्सासमधला कारकून एकाच टोळीत लढू लागले. भाषेची सोय इथेही झाली: दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबला की शब्दांची यादी येते, निवडलेला शब्द रंगीत कंसात बसतो आणि समोरच्याला त्याच्या भाषेत दिसतो. ही युक्ती इतकी चालली की कंसातल्या तुटक शब्दांची एक वेगळीच बोली खेळाडूंमध्ये तयार झाली.

या एकत्र कुटुंबाची किंमत पीसीवाल्यांनी चुकवली. सगळ्यांचं जग एकच, त्यामुळे जगाचा आकार सगळ्यांत लहान यंत्राने ठरवला. मोठी पिशवी हवी, पडद्यावर जास्त माहिती हवी, असं खेळाडूंनी मागितलं की उत्तर यायचं, प्लेस्टेशन टूच्या मर्यादेमुळे जमणार नाही. हे वाक्य वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होतं. पण त्यात खोटं काही नव्हतं.

सोनीच्या गटाने स्वतः वेगळी वाट धरली. फेब्रुवारी 2003 मध्ये प्लेस्टेशन टूवर आलेला ‘एव्हरक्वेस्ट ऑनलाइन अ‍ॅडव्हेंचर्स’ पीसीच्या ‘एव्हरक्वेस्ट’शी जोडलेलाच नव्हता. हार्ड डिस्कची सक्ती नाही, त्यामुळे खेळ स्वस्तात सुरू करता येई. पण हार्ड डिस्क नाही म्हणजे नवा प्रदेश साठवायला जागा नाही. जगात भर घालायची तर नवी चकती छापून विकायची, आणि त्याच वर्षाअखेरीस तशी विकलीही. दर महिन्याला बदलणं हाच ज्याचा धर्म, तो खेळ चकतीत अडकला. दोन्ही वाटांपैकी स्क्वेअरची खर्चिक, कटकटीची वाट जास्त शहाणपणाची होती, हे आज निःशंक म्हणता येतं.

मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्समध्येच हार्ड डिस्क आणि नेटची खाच दिली आणि 15 नोव्हेंबर 2002 रोजी एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केलं. डायल-अपला प्रवेश नाही, फक्त ब्रॉडबँड. कीबोर्डाचा प्रश्न त्यांनी हेडसेट देऊन मिटवला: लिहू नका, बोला. नोव्हेंबर 2003 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ या यंत्रावर आला तो याच बळावर. पीसीवर हा खेळ हौशी पोरांनी ‘हाफ-लाइफ’वर कलम करून वाढवलेला, कोणीही नकाशा बनवावा, कोणीही सर्व्हर उभा करावा. एक्सबॉक्सवर यातलं बरंच गळालं. उरला तो नीटनेटका, चार भिंतींतला खेळ.

महाराष्ट्रातल्या मुलांना मात्र ‘काउंटर-स्ट्राइक’ भेटला सायबर कॅफेत. तासाच्या पैशांवर, एका खोलीतल्या पीसी एकमेकांना जोडून, शेजारच्याच्या पडद्यात डोकावत. घरी फोनच्या लाइनवर डायल-अप असे आणि नेट चालू असताना आत्याचा फोन लागत नसे. केंद्र सरकारच्या 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला 256 किलोबिट या वेगाला ब्रॉडबँड म्हटलं, यावरून काळाची कल्पना यावी. एक्सबॉक्स 360 भारतात सप्टेंबर 2006 मध्ये आला. कोकणातली उदाहरणं घ्या: कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा, दुसऱ्या काठावर अष्टमी. अशा गावांत कन्सोल म्हणजे बहुधा टीव्हीला जोडायचा, एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणारा डबा. ऑनलाइन कन्सोलची पूर्ण पिढी इथल्या बहुतेक घरांना वळसा घालून गेली.

तिकडे यंत्रं दमदार झाली तसा घरमालकाचा हात जास्त जाणवू लागला. ‘टीम फोर्ट्रेस टू’ हे त्याचं नमुनेदार उदाहरण. ऑक्टोबर 2007 मध्ये तो पीसी आणि एक्सबॉक्स 360 वर एकदमच आला. पीसीवर व्हॉल्व्ह कंपनीने 2008 पासून नवी हत्यारं, नवे नकाशे, टोप्या यांचा सपाटा लावला आणि जून 2011 मध्ये खेळ फुकटही केला. व्हॉल्व्हला ही भर सगळ्यांना फुकट द्यायची होती. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी पैसे आकारायला हवे होते, असं व्हॉल्व्हचं म्हणणं. परिणामी एक्सबॉक्सवरचा ‘टीम फोर्ट्रेस टू’ 2007 सालातच राहिला. एकाच नावाचे दोन खेळ, आणि दोघांत ओळखीची खूणही उरली नाही.

पॅचचं अर्थकारण बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. प्रत्येक दुरुस्ती घरमालकाकडे तपासणीला जाते. मायक्रोसॉफ्ट त्या नियमावलीला टीसीआर म्हणे, सोनी टीआरसी, निन्टेन्डोच्या तपासणीचं नाव लॉटचेक. कंट्रोलर मध्येच निघाला तर खेळ थांबतो का, नेट गेलं तर योग्य सूचना येते का, अशा गोष्टी त्यात पाहिल्या जातात. हे नियम ग्राहकाच्या भल्याचेच, पण त्यात दिवस जातात. पैसेही जात. ‘डबल फाइन’ स्टुडिओचे टिम शेफर यांनी 2012 मध्ये उघड सांगितलं की एक पॅच टाकायला 40 हजार डॉलर पडतात. छोट्या कंपन्यांनी बराच आवाज केल्यावर मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही फी बंद केली.

तेच 2013 साल निर्णायक ठरलं. एका आठवड्याच्या अंतराने दोन खेळ कन्सोलवर आले आणि दोघांनी निरनिराळे धडे दिले.

त्यातला एक स्क्वेअरचाच, म्हणजे एव्हाना ‘स्क्वेअर एनिक्स’ झालेल्या कंपनीचा. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ सप्टेंबर 2010 मध्ये पीसीवर आला आणि सपशेल आपटला. संथ, गोंधळलेला, चांगल्या पीसीवरही अडखळणारा. नाओकी योशिदा यांना त्या डिसेंबरात सूत्रं दिली गेली आणि ठरलेली प्लेस्टेशन थ्री आवृत्ती लांबणीवर पडली. पुढे एका परिषदेत योशिदांनी सांगितलेला किस्सा बोलका आहे: जुन्या खेळात कोपऱ्यातल्या फुलांच्या कुंडीला खेळाडूच्या पात्राइतकेच पॉलिगॉन, म्हणजे चित्र घडवणारे बहुकोनी तुकडे, खर्च केले होते. 256 एमबी मुख्य मेमरी असलेल्या प्लेस्टेशन थ्रीवर अशी उधळपट्टी चालणं शक्यच नव्हतं. योशिदांनी डागडुजी करण्याऐवजी खेळ पायापासून नव्याने बांधायला घेतला. 11 नोव्हेंबर 2012 रोजी जुने सर्व्हर बंद झाले, तेही कथेतच आकाशातून चंद्र कोसळवून. 27 ऑगस्ट 2013 रोजी नवा खेळ पीसी आणि प्लेस्टेशन थ्रीवर एकत्र आला. गर्दी इतकी उसळली की कंपनीला डिजिटल विक्री काही काळ थांबवावी लागली.

कंट्रोलरचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते जवळून बघण्यासारखं आहे. पीसीवर लढाईतल्या कृती कीबोर्डाच्या आकड्यांवर मांडलेल्या असतात, एका ओळीत बारा. कंट्रोलरला इतकी बटणं कुठली? म्हणून पडद्याखाली दोन क्रॉस रेखले. डावं एल टू दाबून धरलं की डावा क्रॉस जागा होतो. दिशेची चार बटणं आणि उजवीकडची चार, मिळून आठ कृती. उजवं आर टू धरलं की दुसऱ्या आठ. सोळा कृती, आणि अंगठे आपल्या जागेवरून फारसे हलत नाहीत. मग आणखी संच बदलता येतात. सरावलेले कन्सोलवाले पीसीवाल्यांच्या बरोबरीने अवघड लढाया मारू लागले. काहींनी तर पीसीलाच कंट्रोलर जोडला.

दुसरा खेळ ‘डायब्लो थ्री’. मे 2012 मध्ये पीसीवर तो आला तेव्हा एकट्याने खेळायचं तरी नेट सक्तीचं होतं. पहिल्या रात्री लाखो लोकांना ‘एरर 37’ एवढंच पाहायला मिळालं. त्यात खऱ्या पैशांचं लिलावघर होतं. चांगली तलवार लढून मिळवण्यापेक्षा विकत घेणं सोपं. जोश मोस्केइरा यांच्या गटाने 3 सप्टेंबर 2013 ला आणलेल्या कन्सोल आवृत्तीत लिलावघर नव्हतंच. नेटची सक्ती नव्हती. चार भावंडं एका सोफ्यावर, एका टीव्हीवर खेळू शकत. माउसने जमिनीवर टिचकी मारत चालणारा नायक आता काडीने चालू लागला, आणि दुसरी काडी मोकळी राहिली म्हणून तिच्यावर कोलांटी बसवली. वस्तू कमी पडत, पण कामाच्या पडत. या शेवटच्या बदलाने पीसीवाल्यांचे डोळे उघडले. मार्च 2014 मध्ये पीसीवरचं लिलावघर बंद झालं आणि वस्तू मिळण्याची पद्धतही कन्सोलच्या दिशेने झुकली. कन्सोलच्या अडचणीतून मूळ खेळ सुधारला, असं याआधी इतक्या ठळकपणे घडलं नव्हतं.

‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ला हे भाग्य लाभलं नाही. एप्रिल 2014 मध्ये तो पीसीवर आला. कन्सोलवर दोनच महिन्यांत येणार होता, आला 9 जून 2015 ला. दरम्यान दरमहा वर्गणी रद्द झाली. एक्सबॉक्सच्या खेळाडूने मायक्रोसॉफ्टला ऑनलाइन खेळण्यासाठी ‘एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड’चे पैसे द्यायचे आणि वर खेळाचीही वर्गणी भरायची, हे दुहेरी भाडं कोणालाच पटणारं नव्हतं.

उरली भिंत दोन घरमालकांमधली. ‘पब्जी’ डिसेंबर 2017 मध्ये एक्सबॉक्सवर आला तेव्हा अडखळत, चित्र तुटत. तरी दोन दिवसांत दहा लाख लोक खेळले. त्याला प्लेस्टेशनवर पोचायला आणखी वर्ष लागलं. जून 2018 मध्ये ‘फोर्टनाइट’ निन्टेन्डो स्विचवर आला, आणि ज्यांनी तो आधी प्लेस्टेशनवर खेळला होता त्यांना कळलं की आपलं तेच खातं स्विचवर उघडत नाही. लहान मुलांनी साठवलेले पोशाख सोनीच्या कुलपात. ओरड इतकी झाली की 26 सप्टेंबर 2018 रोजी सोनीने दार उघडलं. तंत्र तयारच होतं. एक वर्षापूर्वी चुकून काही तास प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सचे ‘फोर्टनाइट’ खेळाडू एकमेकांशी खेळलेही होते!

कोकणातल्या गावांत तोवर वेगळाच निकाल लागला होता. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि मार्च 2018 मध्ये ‘पब्जी मोबाइल’ आला. कन्सोलला जमलं नाही ते फोनने केलं. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने त्यावर बंदी घातली तेव्हा हळहळ झाली ती गल्लीगल्लीत. त्याच्या दोनच आठवडे आधी, 18 ऑगस्टला, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ स्टुडिओचा ‘राजी’ जगभर प्रसिद्ध झाला, तोही आधी स्विचवर आणि मग ऑक्टोबरात पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर. खेळ ऑनलाइन नव्हे, एकट्याने खेळायचा. लोकवर्गणीची मोहीम फसल्यानंतर तीन वर्षांनी एका पुणेरी गटाने सगळ्या घरमालकांच्या परीक्षा पास केल्या, हे मात्र खरं.

‘फायनल फँटसी फोर्टीन’ एक्सबॉक्सवर आला 21 मार्च 2024 ला. साडेदहा वर्षं तो अडला होता. एक्सबॉक्सच्या खेळाडूंना इतरांच्या जगात मिसळू द्यायला मायक्रोसॉफ्टचे नियम आड येतात, असं योशिदा सांगत आले होते. गंमत अशी की 2006 मध्ये याच मायक्रोसॉफ्टने ‘फायनल फँटसी इलेव्हन’च्या एक्सबॉक्स 360 खेळाडूंना पीसी आणि प्लेस्टेशनवाल्यांबरोबर बसू दिलं होतं. जुलै 2023 मध्ये लास वेगासच्या मेळाव्यात मायक्रोसॉफ्टच्या गेमिंग विभागाचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर स्वतः मंचावर आले, तेव्हा प्रेक्षकांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

यंत्र म्हातारं झालं की मात्र घरमालक घर पाडतो. प्लेस्टेशन टूवरचा ‘एव्हरक्वेस्ट’ 2012 मध्ये संपला. ‘फायनल फँटसी इलेव्हन’ची प्लेस्टेशन टू आणि एक्सबॉक्स 360 वरची सेवा 31 मार्च 2016 ला बंद झाली, पीसीवर तो अजून चालतो. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुन्या चकत्या घेणाऱ्यांनी डबीच्या मागची बारीक अक्षरं आधी वाचावीत. नेट सक्तीचं असं छापलं असेल, तर त्या खेळाचा सर्व्हर चालू आहे का ते शोधावं आणि मगच पैसे द्यावेत. प्लेस्टेशन थ्रीचा ‘डायब्लो’ नेट नसतानाही चालेल. प्लेस्टेशन टूची ‘फायनल फँटसी इलेव्हन’ची चकती कितीही चकचकीत असली तरी चालणार नाही.